अकाउंट्स मराठीतून की इंग्रजीतून?

बारावीचा निकाल लागला की कॉमर्सवाल्या घरात हा प्रश्न निघतोच. मी अकरावी-बारावी इंग्रजीतून केली आणि बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला मराठी माध्यम घेतलं. बहुतेक जण याच्या उलट करतात, तेव्हा माझं मत जरा सांभाळूनच घ्या.

अभ्यासक्रम दोन्हीकडे तोच: कीर्द, खतावणी, तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी), घसारा (वापराने वस्तूची घटणारी किंमत) आणि शेवटी अंतिम लेखे. आमच्या नागपूरच्या वर्गात तर शिकवणंही सारखंच होतं. सर मराठी-हिंदीत बोलायचे आणि फळ्यावर इंग्रजी लिहायचे. माध्यमाचा खरा फरक कळतो तो परीक्षेत, उदाहरण वाचताना.

मला नडले ते इंग्रजीतले ‘टू’ (पर्यंत) आणि ‘बाय’ (ने). बारावीच्या एका चाचणीत समायोजन होतं की संशयित कर्जाची तरतूद (उधारी बुडाली तर म्हणून बाजूला काढलेली रक्कम) ५,००० ‘टू’ वाढवायची. तेरजेत जुनी तरतूद ३,००० होती, म्हणजे नफा-तोटा खात्याला २,०००च जायला हवे होते. मी घाईत ‘बाय’ समजलो आणि पूर्ण ५,००० टाकले. वर ताळेबंद जुळला! जुळणारच होता, कारण जे ३,००० नफ्यातून जास्त गेले तेच ऋणकोंतूनही (उधारीच्या येण्यातूनही) वजा झाले. मी खाली दुहेरी रेघ मारून खुशीत बाहेर पडलो. हिशेब येत असून मार्क गेले, याचा राग अजून गेलेला नाही.

मराठीत ‘५,००० पर्यंत वाढवा’ आणि ‘५,००० ने वाढवा’ यांत झोपेतही गोंधळ होत नाही. ‘सूट दिली’ आणि ‘सूट मिळाली’ वाचताना थांबून विचार करावा लागत नाही. घसाऱ्याचंही तसंच. १ ऑक्टोबरला घेतलेलं १,२०,०००चं यंत्र, घसारा १० टक्के ‘पी.ए.’ (पर अ‍ॅनम, दरवर्षी) असेल तर ३१ मार्चपर्यंतच्या सहा महिन्यांचे ६,००० धरायचे. ‘पी.ए.’ नसेल तर पूर्ण वर्षाचे १२,००० धरायचे, असं आम्हाला शिकवलं होतं. इंग्रजीत ती दोन अक्षरं माझ्या नजरेतून हमखास सुटायची. ‘द.सा.द.शे.’ मात्र शाळेतल्या सरळव्याजापासून डोक्यात बसलेलं, ते कसं सुटेल?

मराठीतही खडे आहेत. सगळ्यात मोठा खडा म्हणजे ‘जमा’ (क्रेडिट). इतवारीत काकांचं दुकान आहे. त्यांच्या लाल चोपडीत डावीकडे जमा, उजवीकडे नावे (डेबिट). कॉलेजात नेमकं उलटं, आणि आलेली रोकड चक्क नावे बाजूला! हे काकांना सांगितलं तर ते म्हणाले, “अबे, पैसे आले तं जमाच होतीन न! काय शिकवतात बे तुले?” त्यांचंही चूक नव्हतं. देशी नाम्याची, म्हणजे जुन्या पद्धतीच्या हिशेबाची, मांडणी तशीच असते. पण मला तो गुंता सोडवायला दिवाळीपर्यंतचा वेळ लागला. ‘डेबिट-क्रेडिट’ला रोजच्या बोलण्यातला अर्थ चिकटलेला नसतो, त्यामुळे इंग्रजीवाल्यांची ही डोकेदुखी बरीच कमी. शिवाय मराठी पुस्तकांत गुडविलला कुठे ‘ख्याती’ म्हणतात, कुठे ‘नावलौकिक’. एकच पुस्तक धरून ठेवलेलं बरं.

सी.ए. करायचं पक्कं असेल तर मी आग्रह धरणार नाही. ती परीक्षा इंग्रजीतून किंवा हिंदीतूनच देता येते, मग पहिल्या दिवसापासून इंग्रजीच घ्या. मुळात इंग्रजी सहज वाचत असाल तर ‘टू-बाय’चा प्रश्न तुम्हाला पडणारच नाही. पण दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या आणि फक्त ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून इंग्रजी घेऊ पाहणाऱ्या मुलानं निदान पहिलं वर्ष तरी मराठीतून करून बघावं, असं मला आपलं वाटतं.

नोकरीत इंग्रजी शब्द लागतात, हे खरं. त्यासाठी मी रजिस्टरचं शेवटचं पान उभं दुमडून ठेवलं होतं. डावीकडे ‘पूर्वदत्त विमा’, उजवीकडे ‘प्रीपेड इन्शुरन्स’, असे सत्तरेक शब्द झाले असतील. पुढे ऑफिसात टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसमोर बसलो तेव्हा तेवढ्या पानावर माझं काम भागलं.