रोग रेड्याला, औषध पखालीला

बाटली अजून माझ्याकडे आहे. पांढरी, प्लास्टिकची, वर निळं स्टिकर: 'रीफ-सेफ वर्म क्लीन'. मोजले 2,800 रुपये. अशी बाटली तुमच्यासमोर कुणी ठेवली, तर आधी ते स्टिकर कोमट पाण्यात भिजवून खाली काय लिहिलंय ते बघा. मी बघितलं, पण माझ्या माशांच्या टाकीची वाट लागल्यावर.

कोथरूडच्या घरात माझी तीन फुटी समुद्री टाकी आहे, साधारण 180 लिटरची. दगडी प्रवाळ आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, म्हणून मी ठेवतो ते मऊच: झोआंथिड, मशरूम, झेनिया. शिवाय क्लाउनफिशची जोडी. पावसाळ्यात टाकीतल्या रॉकवर, म्हणजे दगडांवर, पांढऱ्या, वेड्यावाकड्या नळ्या दिसायला लागल्या. दिवाळीपर्यंत मोजायचं सोडून दिलं. एक तर सफाई करताना बोटातच घुसली. त्यांच्या तोंडातून कोळिष्टकासारखे चिकट धागे पाण्यात तरंगायचे, आणि ज्या झोआंथिडवर पडायचे ते मिटून बसायचे.

ज्या दुकानदाराकडून फ्रॅग, म्हणजे प्रवाळाचे लावायचे तुकडे, घ्यायचो त्याला फोटो पाठवला. मिनिटभरात उत्तर: "काका, ट्यूब वर्म आहेत. आत्ताच बंदोबस्त करा, नाहीतर टाकी गेली." ट्यूब वर्म म्हणजे नळीत राहणारे किडे. संध्याकाळी स्वतः घरी आला. काचेवरचे दोन मिलिमीटरचे पांढरे वेटोळेही दाखवून मला आणखी घाबरवलं. (ते स्पायरॉर्बिड, नळीतलेच पण बारीक किडे. पाणी गाळून खातात, कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत.) "माझं स्वतःचं फॉर्म्युलेशन आहे, कोळंबीलाही धक्का लागत नाही," म्हणाला. स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) बंद केला, पाणी शुद्ध करणारा कार्बन काढला, औषध ओतलं, चहा पिऊन गेला. बिल मागायचं मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे फेदर डस्टर मेलेले. हे खरे नळीतले किडे: पिसांचा झुपका उघडून बसतात, सावली पडली तरी झटकन आत घेतात. सहा महिने मी ते कौतुकाने पाहुण्यांना दाखवत होतो. रात्री रॉकच्या फटींतून ब्रिसल वर्म लोंबत बाहेर आले, डझनांनी, निपचित. टाकीतलं उष्टंखरकटं साफ करणारे तेच. ते आतल्या आत कुजायला लागले आणि अमोनियाची टेस्ट, जी कायम पिवळी यायची, ती हिरवी झाली, म्हणजे पाण्यात अमोनियाचं विष चढलं. झेनिया दोन दिवसांत विरघळली, शंख उलटे पडले. क्लाउनफिश पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होते. साठ-साठ लिटर पाणी दोनदा बदललं म्हणून ते वाचले.

नळ्या मात्र जशाच्या तशा. धागेही तसेच.

त्याला फोन केला तर म्हणे, "डोस कमी पडला काका, अजून एक बाटली लागेल." तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली आणि स्टिकर भिजवलं. खाली शेळीचं चित्र, फेनबेंडॅझोल, 'फक्त पशुवैद्यकीय वापरासाठी', छापील किंमत 130 रुपये. मेंढ्यांना पाजायचं जंताचं औषध. बायको म्हणाली, "तुम्हालाच पाजायला हवं होतं."

पण खरी मेख पुढेच आहे. त्या नळ्या किड्यांच्या नव्हत्याच. त्या होत्या व्हर्मेटिड गोगलगाईच्या. ही गोगलगाय दगडाला शंख चिकटवते, जन्मभर हलत नाही, चिकट जाळं सोडते आणि त्यात अडकलेल्या कणांसकट ते परत ओढून खाते. पिसांचा झुपका तिला नसतोच. म्हणजे किड्यांचं औषध किड्यांवर अगदी चोख चाललं, फक्त ते किडे माझ्या कामाचे होते. झुपका आहे की जाळं, एवढं टॉर्च लावून पाहिलं असतं तरी पुरलं असतं. फसवलं त्याने हे खरं, पण महिनोन्‌महिने समोर दिसणारी गोष्ट न बघणारा मीच.

पैसे परत मागितले. "उघडलेली बाटली परत घेत नाही." मग मी त्याच्याकडून आणलेल्या फ्रॅगचे जुने फोटो काढून पाहिले. एप्रिलमधल्या फोटोत, प्लगच्या (फ्रॅग चिकटवलेल्या बैठकीच्या) कडेला, दोन पांढऱ्या नळ्या स्पष्ट दिसतात. रोगही त्याच्याच दुकानातला. तो फोटो पाठवल्यावर त्याने मला ब्लॉक केलं.

आता दर रविवारी पंप बंद करतो, एकेक रॉक बाहेर काढतो, पकडीने नळी बुडाशी तोडतो आणि भोकावर सुपरग्लू जेलचा ठिपका देतो. पातळ ग्लू नको, ओघळतो. पावडरचं खाद्य बंद केलंय, त्यावरच ही जमात पोसत होती. मागच्या रविवारपर्यंत 212 बुजवल्या. सम्पमध्ये, म्हणजे पाणी गाळायच्या खालच्या टाकीत, किती आहेत, ते टॉर्च लावून बघायचं धाडस अजून झालेलं नाही.