नाशिकहून लंडन: थेट विमान की दुबईमार्गे?

किलोमीटर मोजाल तर फरक किरकोळ. मुंबई–लंडन थेट साधारण ७,२०० किलोमीटर. दुबईमार्गे जेमतेम दोन-अडीचशे जास्त, कारण दुबई जवळपास वाटेतच पडते. वेळ खातो तो तिथला थांबा. थेट विमान जाताना ९-१० तास घेतं. येताना पश्चिमेचा वारा पाठीशी, म्हणून थोडं लवकर. दुबईमार्गे नुसतं उडणंच साडेदहा-अकरा तास, थांबा वेगळा.

आई-वडील पहिल्यांदाच निघाले असतील तर थेटच काढा, चार पैसे जास्त गेले तरी. आधीच नाशिकहून रस्त्याने मुंबई विमानतळ गाठताना द्वारका सर्कल, कसारा घाट, भिवंडीचं ट्रॅफिक यात माणूस पिळून निघतो. तरुणांनी खुशाल दुबई धरावी. फक्त दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे बॅग सहसा थेट लंडनलाच हातात येते.