मुलीचं दुर्बिणीतून रिफ्लक्सचं ऑपरेशन : सर्जन, हॉस्पिटल, नंतरचं खाणं, सगळंच लिहितेय

लेकीचं अ‍ॅसिड रिफ्लक्सचं, म्हणजे पोटातलं आंबट परत अन्ननलिकेत वर येतं त्याचं, ऑपरेशन (फंडोप्लिकेशन म्हणतात) होऊन आता वर्ष होत आलं. तेव्हाच लिहिलं असतं तर डॉक्टर देवमाणूस आहेत एवढंच लिहून झालं असतं, म्हणून मुद्दाम थांबले. ऑपरेशन उत्तम झालं, परत वेळ आली तर त्याच सर्जनकडे जाईन. पण घरी सोडताना जे नीट सांगायला हवं होतं ते हॉस्पिटलनं सांगितलं नाही आणि ते पोरीला भोगावं लागलं, त्यामुळे नाव देत नाही, पुण्यातलं मोठं प्रायव्हेट हॉस्पिटल एवढंच समजा.

आधी आमची केस. जन्मतःच तिची अन्ननलिका मधे तुटलेली आणि खालचं टोक श्वासनलिकेला चिकटलेलं, ते लगेच ऑपरेशन करून जोडलं होतं. अशा मुलांना रिफ्लक्स फार होतो कारण त्या अन्ननलिकेला घास खाली ढकलायची ताकदच कमी असते. ज्यांची तान्ही बाळं दूध पिऊन थोडं थोडं ओकतात आणि वजन छान वाढतंय त्यांनी हे वाचून अजिबात घाबरू नका, बहुतेकांचं ते वर्ष-दीड वर्षात आपोआप थांबतं, त्याला ऑपरेशन लागत नाही. आमच्याकडे मात्र आडवी केली की खोकला, सकाळी उशीला आंबट वास, सारखा न्यूमोनिया, नेब्युलायझर तर कपाटात ठेवायचंच बंद केलं होतं, आणि वजनाचा काटा हलायला तयार नाही. ओमेप्राझोल झालं, लॅन्सोप्राझोल झालं, डॉम्पेरिडॉन झालं. सर्जननी जे पहिल्या भेटीत सांगितलं ते आधी कुणीच इतकं सरळ सांगितलं नव्हतं, की अ‍ॅसिडच्या गोळ्यांनी आम्ल कमी होतं, वर येणं थांबत नाही, दूध येतच राहतं फक्त कमी आंबट होऊन येतं, आणि तेच फुप्फुसात जात असेल तर गोळी काय करणार.

तरी त्यांनी लगेच तारीख दिली नाही, हे मला सगळ्यात आवडलं. आधी डाय पाजून एक्स-रे, एंडोस्कोपी, आणि २४ तासांची पीएच-इम्पीडन्स टेस्ट (पोटातलं कधी आणि किती वेळा वर येतं ते मोजणारी). या टेस्टला नाकातून बारीक वायर अन्ननलिकेत सोडतात, गालाला चिकटपट्टीनं चिकटवतात आणि कमरेला एक छोटा डबा. खाल्लं की एक बटण, आडवी झाली की दुसरं, खोकला आला की तिसरं, शिवाय वहीत वेळ लिहायची. पोरगी वायर ओढू नये म्हणून आम्ही दोघांनी आळीपाळीनं तिचे हात धरून रात्र काढली. पण रिपोर्टमध्ये स्वच्छ दिसलं की आधी वर येतंय आणि मग खोकला येतोय. तुमचे डॉक्टर नुसत्या लक्षणांवर ऑपरेशनला चला म्हणत असतील तर टेस्टबद्दल विचाराच.

ऑपरेशन म्हणजे जठराचा वरचा घुमटासारखा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून टाके घालतात, गळ्याला मफलर गुंडाळतो ना तसा. निसेन नावाच्या जर्मन सर्जननी ही पद्धत १९५६ साली मांडली, तेव्हा अर्थातच पोट उघडून, दुर्बिणीतून करायला लागले १९९१ च्या आसपास. निसेनमध्ये पूर्ण वेढा असतो. आमच्या सर्जननी केसपेपरच्या मागे चित्र काढून दाखवलं की हिची अन्ननलिका मुळातच अशक्त, पूर्ण वेढा दिला तर घासच खाली उतरणार नाही, म्हणून पुढच्या बाजूनं अर्धाच देऊ (थाल पद्धत). अर्धा वेढा पुढे सैल पडू शकतो, अशा मुलांत ती शक्यता जास्तच, आणि परत ऑपरेशन लागू शकतं हेही सहीच्या आधी सांगितलं. असा सर्जन शोधा. लहान मुलांचाच हवा, एम.सीएच. पेडियाट्रिक सर्जरी केलेला, आणि दुर्बिणीतून हेच ऑपरेशन किती केलीत हे तोंडावर विचारा, चांगला डॉक्टर रागवत नाही.

आमच्या जाऊबाई म्हणाल्या दुर्बिणीचं म्हणजे काय, संध्याकाळी घरी. तसं नाहीये हो. बाहेरून ५ मिलीमीटरची चारपाच भोकं, एक बेंबीत, तिथून कॅमेरा. आत मात्र काम तेवढंच, लिव्हर उचलून धरायचं, छाती आणि पोटामधल्या पडद्यातली जागा टाके घालून आवळायची, मग वेढा. आमच्या केसमध्ये भूल पण अवघड कारण छाती आधीच खराब, भूलतज्ज्ञ मॅडम आदल्या दिवशी स्वतः येऊन छाती तपासून गेल्या, त्यांना पैकीच्या पैकी मार्क. शुद्धीवर आल्यावर ती पोट नाही, खांदा खांदा म्हणून रडत होती, आम्ही हादरलो. नाइटच्या सिस्टरनी समजावलं की पोटात भरलेल्या गॅसमुळे असं दुखतं, उतरेल, आणि खरंच दुसऱ्या दिवशी उतरलं. त्या सिस्टरचे उपकार आहेत आमच्यावर.

आता तक्रार. डिस्चार्ज कार्डवर खाण्याबद्दल लिहिलं होतं ‘सॉफ्ट डाएट’, बस. आहारतज्ज्ञ येणार होत्या त्या आल्याच नाहीत. घरी सासूबाईंनी इडली भरवली, मऊच की. इडली, ब्रेड, पोळीचे तुकडे हे तोंडात मऊ लागतं पण गोळा होऊन अडकतं, कारण ऑपरेशननंतर वेढ्याची जागा सुजलेली असते. पोरीची लाळ गळायला लागली, थुंकी गिळता येईना, उलटी करायला जातेय तर काही बाहेर पडेना. कॅज्युअल्टीत नेलं, नशिबानं आपोआप उतरलं. एक छापील कागद दिला असता तर हे झालंच नसतं, मला अजून राग येतो. तर मीच लिहिते, आधी पेज, वरणाचं पाणी, पातळ नाचणीचं सत्त्व, मग मऊ भात मिक्सरमधून, असं काही आठवडे, सर्जन हो म्हणेपर्यंत. सोडा वगैरे गॅसवालं काही नाही. एकदम पोटभर नाही, थोडं थोडं सारखं. सुरुवातीला ढेकर नीट येत नाही आणि पोट टम्म फुगतं, उभं धरून फिरवायचं. जेवणानंतर मूल घामाघूम, पांढरंफटक झालं तर शुगर चेक करायला सांगा, काही मुलांना या ऑपरेशननंतर तसा त्रास होतो.

मेडिक्लेमच्या कॅशलेसचं पण सांगते. जन्मजात दोष आहे म्हणून टीपीएनं (विमा कंपनीच्या वतीनं क्लेम बघणारी संस्था) जन्माच्या वेळची सगळी कागदं मागितली, ती फाइल जवळ ठेवा. आणि रूम पॉलिसीच्या लिमिटमधलीच घ्या, नाहीतर नुसतं भाडं नाही, बाकीच्या बिलातही त्याच प्रमाणात कापतात. हे आम्हाला काउंटरवरच्या मुलानं वेळेवर सांगितलं, भला मुलगा.

सध्या अ‍ॅसिडची गोळी बंद आहे, या पावसाळ्यात न्यूमोनिया झाला नाही, सपाट झोपते. भाकरी मात्र अजून दुधात कुस्करूनच. पुढच्या महिन्यात डायचा एक्स-रे परत आहे, वेढा जागेवर आहे का बघायला. सगळं ठीक दिसत असलं तरी तो आम्ही करणारच आहोत.