‘पिया बिन’ आणि ‘जमुना के तीर’

मिरजेत मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. मूळचे उत्तर प्रदेशातल्या कैराण्याचे, पण मिरजेचेच झाले. १९३७ साली गेले. त्यांच्या दोन ठुमऱ्या घरी लावल्या की आमच्याकडे बोलणं आपोआप थांबतं: झिंझोटी रागातली ‘पिया बिन नाही आवत चैन’ आणि भैरवी रागातली ‘जमुना के तीर’.

भैरवीत रे, ग, ध, नी हे चारही स्वर कोमल, म्हणजे थोडे उतरलेले, त्यामुळे पहिल्या आलापीलाच गळा दाटून येतो. मैफल भैरवीने संपते, म्हणून निरोपाची हुरहुर तिच्यात मुरलेलीच असते. ही ठुमरी कुणालाही ऐकवा, गाण्यातलं काही कळत नसलं तरी डोळे भरतील.

झिंझोटीचं तसं नाही. फक्त निषाद (नी) कोमल, बाकी सगळे शुद्ध. ऐकायला जवळजवळ प्रसन्न राग. आणि त्याच रागात खाँसाहेब विरह गातात! तो बारीक, टोकदार आवाज एका स्वरावर स्थिरावतो, तंबोऱ्यात विरघळतो (तंबोरे घडवणाऱ्या मिरजेतच राहणारा माणूस तो), आणि ‘चैन’ हा शब्द दर फेरीला वेगळ्या ठिकाणी दुखतो. जेमतेम तीन मिनिटांची तबकडी, पण आत खोल खड्डा पडतो.

रडून मोकळं व्हायचं असेल तर भैरवी लावा. मी मात्र रात्री उशिरा, दिवा मालवून, झिंझोटीच लावते.