ॲम्नेस्टीचा २०२४ चा मृत्युदंड अहवाल : आकडा उचलण्याआधी परिशिष्टं वाचा

मृत्युदंडावर बातमी, लेख किंवा वादविवाद स्पर्धेचं भाषण तयार करायचं असेल, तर ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेच्या वार्षिक अहवालाइतकं कामाचं साधन दुसरं नाही. पीडीएफ फुकट मिळते. २०२४ चा अहवाल एप्रिल २०२५ मध्ये आला. मात्र तो शेवटाकडून, म्हणजे परिशिष्टांपासून वाचायला घ्यावा.

सुरुवातीलाच आकडा येतो : १५ देशांत १,५१८ जणांच्या मृत्युदंडाची अंमलबजावणी, २०१५ नंतरचा उच्चांक. बातम्यांत याचं 'जगभरात १,५१८ फाशी' होतं आणि तिथेच गफलत होते. चीनमधले हजारो त्यात नाहीत. तिथली संख्या सरकारी गुपित असल्यामुळे ॲम्नेस्टीने २००९ पासून चीनचा अंदाज छापणंच बंद केलं. शिवाय सौदी अरेबियात शिरच्छेद होतो, त्याला फाशी कसं म्हणणार? मराठीत 'मृत्युदंड' हाच शब्द वापरावा.

आता आकड्यामागचं अधिक चिन्ह. 'इराण ९७२+' म्हणजे ९७२ जणांची खात्री पटली आहे, प्रत्यक्षात त्याहून जास्त असावेत. देशापुढे आकडा नसून नुसतं '+' असेल, तर एकाहून अधिक जण आहेत, पण भरवशाचा किमान आकडा हाती नाही. एकूण बेरजेत असं नुसतं '+' दोन धरलं जातं, चीनसाठीसुद्धा दोनच. ही टीप न वाचता टक्केवारी काढली की सगळं गणित फसतं.

देशांच्या यादीतही अशीच गल्लत होते. '१४५ देशांनी मृत्युदंड रद्द केला' हे चूक. सर्व गुन्ह्यांसाठी तो रद्द करणारे देश ११३. १४५ मध्ये कायद्यात शिक्षा आहे पण दहा वर्षं अंमल नाही, असेही देश येतात. या गटावर विसंबून राहता येत नाही. गांबियाने अनेक वर्षांच्या खंडानंतर ऑगस्ट २०१२ मध्ये एकदम नऊ जणांना मारलं.

म्हणून करारांचा तक्ता मला सर्वांत मोलाचा वाटतो. १९८९ चा दुसरा ऐच्छिक प्रोटोकॉल हा मृत्युदंड रद्द करण्यासाठीचा संयुक्त राष्ट्रांचा करार आहे, आणि त्यात बाहेर पडण्याचं कलमच नाही. फिलिपिन्सने १९८७ मध्ये मृत्युदंड रद्द केला, १९९३ मध्ये परत आणला, २००६ मध्ये पुन्हा रद्द केला आणि २००७ मध्ये या प्रोटोकॉलला मान्यता दिली. आता तिथे कोणी तो परत आणायचं म्हटलं की पहिली अडचण याच कराराची येते. मृत्युदंडाच्या अंमलबजावणीला स्थगिती द्यावी या ठरावावरचं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतलं मतदान त्या मानाने सौम्य, कारण ठराव बंधनकारक नसतो. तरी २००७ मध्ये बाजूने १०४ आणि विरोधात ५४ मतं होती, ती २०२४ मध्ये १३० आणि ३२ झाली, हा फरक नोंदवण्याजोगा आहे. भारताचं मत विरोधातच आहे.

अहवाल अपुरा पडतो तो भारताच्या बाबतीत. २० मार्च २०२० ला तिहारमध्ये चौघांना फाशी झाल्यानंतर २०२४ अखेरपर्यंत इथे एकही फाशी झाली नाही, तरी वर्गवारीत आपण इराणच्याच रांगेत दिसतो. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. तिथे किती शिक्षा टिकतात, किती जन्मठेपेत बदलतात, हा तपशील अहवालात मिळत नाही. त्यासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात पूर्वी चालणाऱ्या प्रोजेक्ट ३९ए या फौजदारी न्यायावरच्या संशोधन गटाचे वार्षिक अहवाल सोबत ठेवावेत. २०२२ मध्ये सत्र न्यायालयांनी १६५ जणांना फाशी सुनावली आणि वर्षअखेरीस ५३९ कैदी फाशीच्या छायेत होते, हे आकडे त्यांचेच.