'नाइन टू फाइव' की 'वर्किंग गर्ल'?

दोन्ही हॉलिवूडचे, दोन्ही ऑफिसातल्या बायकांवरचे विनोदी चित्रपट. त्यातला १९८०चा 'नाइन टू फाइव' आज जास्त ताजा वाटतो, हे जरा नवलच. कारण तिघी कर्मचाऱ्यांनी साहेबाला त्याच्याच घरात डांबून ठेवण्याचा भाग निव्वळ धुडगूस आहे, आणि लांबतोही. धार येते ती त्याच्या गैरहजेरीत. जेन फोंडा, लिली टॉमलिन आणि डॉली पार्टन त्याच्या सहीने पाळणाघर, सोयीच्या वेळा, समान पगार असं सगळं लागू करतात. कामाचा उरक वाढतो. वरचे बडे साहेब येऊन खूश होतात, फक्त समान पगार तेवढा काढा म्हणतात! हा विनोद अजून शिळा झालेला नाही, दुर्दैवाने.

१९८८चा 'वर्किंग गर्ल' पटकथा म्हणून अधिक बांधीव (केसांचे फुगे मात्र सोसावे लागतात). पण मेलनी ग्रिफिथची सेक्रेटरी टेस एकटीच लढते. तिची कल्पना चोरणारी सिगर्नी वीव्हरची बॉसही बाईच, आणि जिंकणं म्हणजे स्वतःची केबिन मिळणं. जुन्या मैत्रिणी तिच्यासाठी जल्लोष करतात, पण राहतात आपापल्या टेबलांवरच. नव्या सेक्रेटरीकडून टेस कॉफीची अपेक्षा ठेवत नाही, एवढाच काय तो बदल.