पुराचा धसका आणि तिसरी थेरपिस्ट: १० महिन्यांच्या उपचारांनंतरचा अनुभव

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं मॅचिंग सेंटर आहे. खाली दुकान, वर घर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं तेव्हा घरात मी आणि सासूबाई दोघीच होतो. हे माल आणायला मुंबईला गेले होते. दुकान बघता बघता गेलं. पाणी जिन्याच्या वरच्या पायऱ्यांना लागलं तशी मी सासूबाईंना धरून पोटमाळ्यावर चढवलं. वीज नाही, फोन लागत नाही. वर पत्र्यावर पाऊस, खाली भिंतींवर आपटणारी कपाटं आणि सिलिंडर. समोरच्या बैठ्या घरातल्या काकू मला नावाने हाका मारत होत्या. मग हाक थांबली.

काकू वाचल्या. गल्लीतल्या मुलांनी मागच्या बाजूची कौलं काढून त्यांना वर ओढून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी चिखलात उभी राहून मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. आजही त्या रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसतात. तरीही पुढची अडीच वर्षं पत्र्यावर सर वाजली की माझ्या अंगात तोच क्षण यायचा, हाक थांबल्याचा. हातपाय गार, छातीत धडधड, आणि मनात एकच वाक्य: ती हाक मारत होती आणि मी उतरले नाही. हे कुणाला सांगितलं की उत्तर ठरलेलं, "अगं, पण काकू आहेत ना समोर!" ते मलाही दिसत होतं. फक्त अंगाला कळत नव्हतं.

आमच्याकडे याला धसका म्हणतात. 'तिने पुराचा धसका घेतलाय.' शब्द अगदी बरोबर आहे, पण त्याच्यापुढे इलाज कुणी सांगत नाही. हा अनुभव म्हणूनच लिहिते आहे. पूर असो, अपघात असो, घरातली मारहाण असो, धसका घेतलेल्या माणसाला थेरपिस्ट शोधताना नेमकं काय बघायचं हे मला दोनदा चुकल्यावर कळलं.

सुरुवातीला मी झोपेची गोळी घेतली, जवळजवळ आठ महिने. झोप यायची, पण पाऊस तसाच वाजायचा. नंतर कळलं की अशा शांत करणाऱ्या गोळ्या हा पीटीएसडीवरचा, म्हणजे मोठ्या आघातानंतर मनात राहून जाणाऱ्या अशा आजारावरचा, उपचार नाही. ज्या औषधांचा उपयोग होतो ती वेगळी आहेत, नैराश्यावरही दिली जाणारी, सर्ट्रालीनसारखी, आणि ती मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअॅट्रिस्ट, लिहून देतात. (गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका. माझी दीड महिन्यात डॉक्टरांनी हळूहळू उतरवली.)

पहिल्या समुपदेशक फार प्रेमळ होत्या. सहा वेळा गेले. त्या ऐकायच्या, पाणी द्यायच्या, शेवटी म्हणायच्या, झालं ते झालं, आता चांगले विचार आणा. तिथून निघताना हलकं वाटायचं आणि दोन दिवसांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. पण सहा भेटींत त्यांनी एकदाही विचारलं नाही की पाऊस आला की तू काय टाळतेस. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं: दर जुलैला मी सोलापूरला माहेरी पळते, आईच्या तब्येतीचं निमित्त काढून. पोटमाळ्याची शिडी मी काढून टाकली आहे. काकूंच्या घराकडची खिडकी मी उघडत नाही.

दुसरे ऑनलाइन भेटले. दहा भेटींचे पैसे आधीच भरून घेतले. पहिल्याच तासात म्हणाले, सगळं सांगा, अगदी बारीकसारीक, मोकळं झालं पाहिजे. मी सांगितलं. पाणी शेवटच्या पायरीवर आलं तिथे माझा आवाज बंद झाला, थरथर सुटली, आणि तेवढ्यात त्यांनी घड्याळाकडे बघून पुढची तारीख दिली. स्क्रीन काळी झाली. त्या रात्री मी जिन्यातच बसून होते. सासूबाई उठून आल्या आणि माझ्याशेजारी येऊन बसल्या, काही न विचारता. उरलेल्या नऊ भेटींचे पैसे परत मिळाले नाहीत.

एकाने आठवणीला हातच लावला नाही, दुसऱ्याने ती उघडून तशीच सोडली. तिसरी व्यक्ती शोधताना या दोन टोकांमधलं मला हवं होतं. २०२४ च्या जानेवारीत मुलाने मदतीला बसून पुण्या-मुंबईची नावं काढली. कोणाच्या नावापुढे काय लिहिलंय याचा अर्थ लावायला आम्हाला एक रविवार लागला. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणून काम करणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी लागते. तो नोंदणी क्रमांक मागता येतो आणि परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळताही येतो. समुपदेशक किंवा कौन्सेलर हे नाव मात्र कुणीही लावू शकतो. काहींच्या मागे मानसशास्त्रातलं एमए आणि वर्षानुवर्षांचं काम असतं, काहींच्या मागे आठवड्याभराचा कोर्स. विचारल्याशिवाय कळत नाही. विचारायला मला लाज वाटत होती. मुलगा म्हणाला, आई, तू सुताचा रंग उतरणार नाही ना हे व्यापाऱ्याला दहादा विचारतेस.

पाच जणांना फोन केला. माझे प्रश्न दुकानाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेले होते. धसक्याच्या माणसांवर तुम्ही कोणत्या पद्धतीने काम करता? एकाने सांगितलं, "मी सगळंच थोडं थोडं वापरतो." एकीने फार मोठी नावं घेतली, पण त्यांत माझ्या बाबतीत काय करणार ते कळेना. तिसऱ्या ज्या होत्या, त्यांच्याकडेच मी पुढे गेले, त्यांनी साधं सांगितलं. जगभर ज्या पद्धतींवर चांगला अभ्यास झालाय त्या मोजक्याच आहेत. एडना फोआ यांनी उभी केलेली प्रोलाँग्ड एक्स्पोजर, म्हणजे आठवणीला आणि टाळलेल्या जागांना हळूहळू सामोरं जाणं. पॅट्रिशिया रेसिक यांची सीपीटी, म्हणजे घटनेमुळे मनात घट्ट बसलेले विचार तपासणं. आणि फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ पासून विकसित केलेली ईएमडीआर, ज्यात आठवण मनात धरून डोळ्यांची हालचाल करतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं यांवर काम करणारी उपचारपद्धती) आणि ईएमडीआर यांची शिफारस केली आहे. "मी पहिल्या दोन पद्धतींत प्रशिक्षण घेतलंय, तिसरीत नाही. तुम्हाला ती हवी असेल तर दुसरं नाव देते." स्वतःला काय येत नाही हे फोनवरच सांगणारी ती पाचांतली एकटीच होती.

दुसरा प्रश्न, पहिल्या तीन भेटींत काय होईल? त्या म्हणाल्या, पूर मला पहिल्या दिवशी सांगायचा नाही. आधी झोप, घर, औषधं, जिवाला धोका आहे का ते बघू. मग थरथर सुटली तर परत जागेवर कसं यायचं ते शिकू. आठवण त्यानंतर, आणि कधी थांबायचं ते तुम्ही सांगायचं. हे ऐकताना फोन हातात धरून मी रडले.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तो मला वहीत लिहूनही ठेवावा लागला नव्हता. मी विचारलं, "चिपळूणला पूर पुन्हा येऊ शकतो. २००५ लाही आला होता. मग माझी भीती खोटी आहे का?" एक जण म्हणाले होते, असा नकारात्मक विचार करू नका. या म्हणाल्या, "नाही, खोटी नाही. नदीची पातळी कुठे बघता? निघायची वेळ आली तर कुठे जाणार, ठरलंय का?" पुण्यात बसून त्यांनी वाशिष्ठीची इशारा पातळी, धोका पातळी, भरतीची वेळ सगळं विचारून घेतलं. पुढे यातूनच एक रेघ आखली: कागदपत्रांची पिशवी वर ठेवणं, सासूबाईंची औषधं डब्यात तयार ठेवणं ही खबरदारी, ती ठेवायची. ऊन असताना दर दहा मिनिटांनी मोबाइलवर पातळी बघणं हा धसका, तो सोडायचा. माझ्या गावाचं खरं संकट आणि माझ्या अंगातलं जुनं संकट वेगळं करून दाखवणारं माणूस मिळालं तेव्हा माझी निवड झाली.

पहिल्या दोन भेटी पुण्यात जाऊन, बाकी व्हिडिओवर. दुपारी दुकान बंद असतं त्या वेळेत मी वरच्या मालाच्या खोलीत दार लावून बसायचे. वीज जाणं, रेंज जाणं ही आमच्याकडची रोजची गोष्ट आणि माझ्यासाठी तीच आठवणीची कळ. म्हणून पहिल्याच दिवशी ठरलं: कॉल तुटला तर त्या दोन मिनिटांत साध्या फोनवर करतील, न लागल्यास हे घरात असतीलच. रात्री-अपरात्री फार घाबरं झालं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी, मोफत क्रमांकही त्यांनी कपाटाच्या दारावर लिहून ठेवायला लावला. एकदा ऑगस्टमध्ये लावला मी तो. मराठीत बोलले.

भाषेचं सांगायलाच हवं. दुसऱ्यांकडे मी अर्धं इंग्रजीत बोलत होते, कारण ते तसं बोलत होते. 'आय वॉज स्केअर्ड' म्हणताना मला काहीच होत नव्हतं. 'पाय गळून गेले' म्हणाले तेव्हा खरोखर गळाले. आठवणीवरचं काम ज्या भाषेत घडलं त्या भाषेत होऊ शकत असेल तर तसंच करा. नोंदणी, अनुभव सगळं असून माणूस तुमच्या बोलीत शिरत नसेल तर मी तरी दुसरं बघेन.

एप्रिलपासून खरं काम सुरू झालं, दर आठवड्याला दीड तास, अशा दहा भेटी. डोळे मिटून तो दिवस चालू वर्तमानकाळात सांगायचा, त्याचं रेकॉर्डिंग करायचं आणि घरी रोज ऐकायचं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात माझी अवस्था आधीपेक्षा वाईट झाली. भूक गेली, गिऱ्हाइकावर खेकसले, एकदा ठरवलं की सोडून द्यावं. त्यांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून टिकले. ज्याला कुणाला हा उपचार घ्यायचाय त्याने लग्नसराई, परीक्षा, घरातलं आजारपण यांचा हिशेब करून महिने निवडावेत.

सहाव्यांदा सांगताना अशी एक गोष्ट आठवली जी मी कधीच कुणाला सांगितली नव्हती, कारण मलाच ती आठवत नव्हती. काकूंची हाक आली तेव्हा मी उतरायला निघाले होते. दोन पायऱ्या उतरले होते, पाणी कमरेला लागलं होतं, आणि सासूबाईंनी माझा पदर धरून ठेवला होता. मी उतरले नाही, हे अडीच वर्षं मी स्वतःला सांगत होते. थेरपिस्टनी त्यावर काहीच भाष्य केलं नाही. थोड्या वेळाने एवढंच विचारलं, "पदर सोडवून गेला असतात तर पोटमाळ्यावर कोण राहिलं असतं?"

बाकीचं काम गावातलं. आधी शिडी परत लावली. मग खिडकी उघडली. मग बहादूरशेख नाक्याजवळच्या पुलावर यांच्यासोबत, नंतर एकटी, नदी बघत वीस मिनिटं उभं राहायचं. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पोटमाळ्यावर पत्र्याखाली बसून भीतीला शंभरपैकी गुण द्यायचे: नव्वद, नव्वद, पंच्याऐंशी, साठ, पंचेचाळीस. भीती आपोआप उतरते हे मला कुणी कितीही सांगितलं असतं तरी पटलं नसतं. वहीतल्या आकड्यांनी पटवलं.

मोजमाप हा निवडीचा एक निकष ठेवा असं मी आग्रहाने म्हणेन. पीसीएल-५ नावाची वीस प्रश्नांची यादी असते, ० ते ८० गुणांची. सुरुवातीला माझे ५४ होते, दहाव्या दीर्घ भेटीनंतर २६, गेल्या आठवड्यात १९. तिशीच्या थोडं वर गेलं की पीटीएसडीची शक्यता धरतात, निदान मात्र तज्ज्ञानेच करायचं. फक्त 'बरं वाटतंय का' विचारणारी पहिली समुपदेशक आणि आकडा समोर ठेवून 'झोपेचा प्रश्न अजून हलला नाही, त्यावर बोलू' म्हणणारी ही, यांत फार फरक पडतो.

खर्च: फेब्रुवारी ते डिसेंबर २०२४ मध्ये २१ भेटी, अकरा दीड हजाराच्या आणि दहा दीर्घ दोन हजारांच्या, म्हणजे साडेछत्तीस हजार, पुण्याला जाणं-येणं वेगळं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे, पण आमच्या पॉलिसीत बाह्यरुग्ण उपचारच नव्हते, त्यामुळे काही मिळालं नाही. आमच्या जिल्ह्यात रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्या नावाला घाबरून लोक जात नाहीत, पण पैशाची अडचण असेल तर औषधांसाठी सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडून सुरुवात करायला काहीच हरकत नाही.

तक्रार एकच आहे. यांना भेटीत फार उशिरा बोलावलं, सप्टेंबरात. तोवर मी रात्री उठून का बसते, रेकॉर्डिंग ऐकताना का रडते, हे त्यांना नीट माहीत नव्हतं आणि ते आपले दाराबाहेर येरझारा घालायचे. मी हे थेरपिस्टना सांगितलं. त्यांनी मान्य केलं, कारणं दिली नाहीत. माझ्या परवानगीशिवाय घरच्यांशी एक शब्द बोलायचा नाही हा त्यांचा नियम मला आवडतो, पण ती परवानगी त्यांनी मार्चमध्येच मागायला हवी होती.

अजून मध्यरात्री वीज गेली की मी उठते. अंधारात जिन्यावर हात लावून पायरी कोरडी आहे का बघते आणि परत झोपते. पूर्वी झोपत नसे. या २२ जुलैला मी सोलापूरला गेले नाही. दुपारी काकूंना वर बोलावलं, पोटमाळ्यावर सासूबाई होत्याच. मी काकूंना विचारलं, त्या दिवशी मला हाका का मारत होतात? त्या म्हणाल्या, "तू सुरक्षित आहेस की नाही ते बघायला, अजून कशाला?"

पुढची भेट फेब्रुवारीत आहे, मग मेअखेर एक, पाऊस सुरू व्हायच्या आधी.